एक जुलैच्या दोन कडूबाई

महालिंग सेलूचा, तहसील कचेरीत कारकून. १९९२ साली कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला हार घातला. ह्यानं मात्र जेवणाच्या सुट्टीत बसून त्यातला प्रोग्राम वाचून काढला.

एके दिवशी पोखर्णीची कडूबाई वाघ येऊन उभी राहिली. निराधारांच्या पगाराच्या यादीतून तिचं नाव गळालं होतं.

"मी मेले का रं, लेकरा?"

"न्हाई मावशी. मशीन तुमाला आन् तुमच्या जावेला एकच बाई समजायलंय."

"आगं बया! आमच्या दोघींचं एका चुलीवर कधी शिजलं न्हाई!"

जावेचंही नाव कडूबाईच. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या सगळ्यांना कचेरी एक जुलै लावायची. नाव एक, गाव एक, तारीख एक. म्हणून प्रोग्रामनं एक कडूबाई उडवली. महालिंगनं बारा ओळी घालून नवऱ्याचं नाव तपासायला लावलं. कडूबाई परत यादीत आली.

पुढं देखभालीचा ठेका असलेल्या कंपनीचा इंजिनिअर आला. सहा महिन्यांनी यायचं, मूळ प्रोग्रामची जुनीच फ्लॉपी घालायची, चहा प्यायचा, ही त्याची देखभाल. बारा ओळी पुसल्या गेल्या, कडूबाईही.

"बाहेरच्यानं हात लावायचा नाही, करारात आहे," इंजिनिअर म्हणाला.

"बाहेरचा कोण? मी रोज हितं बसतो!"

"महालिंग, नसती उठाठेव करू नको," आबासाहेब तहसीलदार गुरकावले.

मग महालिंगनं त्या बारा ओळी कागदावर उतरवून कंपनीला रीतसर पाठवल्या. उत्तर आलं नाही. कडूबाई दर सोमवारी पोखर्णीहून येऊन व्हरांड्यात बसू लागली.

सहा महिन्यांनी इंजिनिअर 'सुधारित आवृत्ती' घेऊन हजर! महालिंगनं उघडून पाहिलं. त्याच्याच बारा ओळी. त्यानं चुकून दोनदा लिहिलेली फालतू ओळसुद्धा तशीच. वर कंपनीचं नाव.

इंजिनिअरनं कामाचा दाखला महालिंगपुढं सरकवला. 'कंपनीच्या तज्ज्ञांनी दोष शोधून दूर केला. काम समाधानकारक.'

"ह्या माझ्या ओळी हायेत, साहेब."

"मशीनवर तू बसतोस, तूच सही कर. सहीबिगर चालू व्हायचं न्हाई म्हणतेत ते," आबासाहेब म्हणाले.

व्हरांड्यात कडूबाई बसलेली होती. महालिंगनं सही केली. यादीत दोन्ही कडूबाई छापून आल्या.

आबासाहेबांनी कडूबाईला आत बोलावून, 'ह्यांनी तुझं नाव परत आणलं' म्हणत इंजिनिअर दाखवला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग महालिंगकडं वळून मायेनं म्हणाली, "मागं तू केलतंस, ते टिकलं न्हाई बग. ह्यांच्याकडून शिकून घे जरा."

महालिंगच्या तोंडात चहाचा घोट होता. तो न गिळता उठून खिडकीशी गेला आणि बाहेर थुंकला.