साहेब लग्नाला आले तो बुधवार

गारखेड्यात पिठाच्या गिरणीवर, पहिल्या मजल्यावर आमच्या खासदारांचं संपर्क कार्यालय होतं. पाच वर्षं मी तिथं टायपिंग केलं. खाली ज्वारी दळली जायची आणि वर पत्रं. रेल्वेचं तिकीट पक्कं व्हावं म्हणून पत्र, दवाखान्यात खाट मिळावी म्हणून पत्र, पोराला शाळेत घ्यावं म्हणून पत्र. मजकूर ठरलेला, नाव तेवढं बदलायचं. कीबोर्डावर कायम पिठाची पूड असायची. शनिवारी साहेब दिल्लीहून आले की जिना माणसांनी भरायचा, आणि चहावाला डोक्यावर ट्रे धरून वर चढायचा. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. खरं सांगते, त्या जिन्याची मला आजही आठवण येते.

त्या पाच वर्षांत, साहेब सभागृहात मत कुणाच्या बाजूनं देतात, हे विचारणारा एकच माणूस मी पाहिला. तो माझा बाप होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. वाळूजच्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि युनियनचं काम करायचे. माझं लग्न ठरलं त्या वर्षी दिल्लीत एक विधेयक येणार होतं. ते मंजूर झालं की मालकाला कामगार काढून टाकणं सोपं जाणार होतं. साहेबांचा पक्ष त्याच्या बाजूनं होता. तरी दादांनी साहेबांना शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर आणलं. साहेबांनी माईकवर सांगितलं, पक्ष काही म्हणो, मी विरोधात मत देणार. लोकांना काही पटेना. कुणीतरी मागून हसलं. तेव्हा दादांनी माईक हातात घेतला.

"माझी पोरगी यांच्या हपिसात हाय. यांच्या शब्दाची जिम्मेदारी माझी."

आमच्याकडे एखादा रस्ता झाला नाही तर लोक पुढाऱ्याला माफ करतात, पण लग्नाला आला नाही तर पाच वर्षं विसरत नाहीत. म्हणून कार्यालयाच्या डायरीत निम्मी पानं लग्नांचीच. माझ्या लग्नाची नोंद मीच माझ्या हातानं केली होती: बुधवार, हर्सूल. साहेब म्हणाले होते, "ताई, तुमच्या लग्नाला येणार म्हंजे येणारच."

आणि ते आले. मंगलाष्टकं मध्येच थांबली. माईकवाल्यानं त्यांचं नाव चारदा घेतलं, दादांनी स्वतः त्यांना फेटा बांधला, शाल-नारळ झाला. मुहूर्त टळून पाऊण तास झाला तरी भटजींनी तोंडातून ब्र काढला नाही. गेटवरची सगळी मंडळी पुढच्या ओळीत होती. दादा त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांची छाती मांडवात मावत नव्हती. हार धरून माझ्या हातांना रग लागली होती, पण त्यांचा तो चेहरा बघून मी पण हसत राहिले.

विधेयक त्याच आठवड्यात मंजूर झालं. लग्नघरातले पेपर लाडवांचे पुडे बांधण्यात गेलेले, त्यामुळे कोणत्या दिवशी झालं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढं साहेब गेटवर येऊन "मी तुमच्यासोबतच" म्हणून गेले, आणि लोकांनी ते खरं धरलं.

निवडणूक आली तेव्हा साहेबांचा कार्यअहवाल टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. किती दिवस हजर, किती प्रश्न विचारले, कुठं कसं मत दिलं. सभागृहाची छापील कागदपत्रं समोर होती. त्या विधेयकावर मतदान झालं होतं बुधवारी. माझ्या बुधवारी. मत दिलेल्यांच्या यादीत साहेब कुठंच नव्हते. पक्षालाही दुखवायचं नाही आणि गेटलाही, म्हणून साहेब माझ्या डोक्यावर अक्षता टाकायला आले होते. साहेबांचे पीए म्हणाले, "तेवढं विधेयक राहू द्या." मी राहू दिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दादांनी अहवाल चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"आमचं विधेयक कुठं हाय यात?"

मी माहेरी आले होते, भाजी निवडत होते. खोटं बोलणं सोपं होतं. पण मान खाली घालून मी सगळं सांगितलं. दादांनी चष्मा काढून अहवालावर ठेवला.

"म्हंजे मीच फेटा बांधला व्हय त्याला."

"दादा, एका मतानं काय झालं असतं? ते मंजूर होणारच होतं."

"ते नाय गं माय. मी जिम्मेदारी घेतली होती."

दुसऱ्या दिवशी गेटवर जाऊन त्यांनी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. कोण काय बोललं हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही. मीही त्याच आठवड्यात नोकरी सोडली. साहेब मात्र पुन्हा निवडून आले.

दोन वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. रिवाजाप्रमाणे दादा हळद-कुंकू लावलेली पत्रिका घेऊन तो जिना चढले. मी सोबत होते. साहेबांनी उठून दोन्ही हातांनी पत्रिका घेतली आणि म्हणाले, "येणारच की."

"येऊ नका, हेच सांगायला आलो," दादा म्हणाले. "त्या दिवशी अधिवेशन चालू हाय. मी पेपरात बघितलंय. तुम्ही तिथंच बसा."

साहेब हसले, पण पीए हसले नाहीत.

धाकटीचं लग्न मुहूर्तावर लागलं. फेटे फक्त सोयऱ्यांना. पै-पाहुणे गेल्यावर दादांनी मला बसवून त्या दिवसाचं सभागृहाचं कामकाज नेटवर शोधायला लावलं. मतदान झालं होतं, समुद्रातल्या मासेमारीच्या कुठल्याशा कायद्यावर. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण यादीत साहेबांचं नाव होतं.

दादांनी तो कागद छापून आणायला लावला. आज ते नाहीत. धाकटीचा अल्बम उघडला की तो कागद अजून दिसतो, माझ्या अल्बममध्ये जिथं साहेबांचा फोटो आहे, नेमका त्याच जागी.