जगदेवरावांनी खाडा केला नाही

जगदेवरावांचा आजा गायकवाडी फौजेत होता. फौज मोडली, संस्थान गेलं, बडोदे गुजरातेत राहिलं. घरात उरली भिंतीवरची एक तलवार आणि आखाड्यातला एक नियम: व्यायामाला खाडा नाही. तलवार गंजली. नियम मात्र चुलत्यानं, बळवंतरावानं, घासूनपुसून लखलखीत ठेवला होता. "घरात मढं असेल तरच खाडा," असं तो म्हणायचा, आणि तेही खाटेवरून. उभ्या जन्मात रोज हजार बैठका मारून त्याच्या गुडघ्यांचा भुगा झालेला. बारा वर्षं झाली, मोरीपर्यंत जायचं तर जगदेवरावांनी बगलेत हात घालून न्यायचं.

जगदेवराव वाघोडियाच्या एका कारखान्यावर एकोणीस वर्षं रखवालदार. फाटक उघडायचं, ट्रकचे नंबर लिहायचे, साहेबाला सलाम ठोकायचा. बसून बसून पोट डेऱ्यासारखं सुटलेलं. अशात रखवालीला नवा ठेकेदार आला नि त्यानं फतवा काढला: तीन महिन्यांनी कारखान्याच्या भिंतीला चार चकरा, नऊ मिनिटांत. जो पुऱ्या करील तो राहील, बाकीच्यांनी वर्दी उतरवायची.

पहिल्याच सकाळी गडी घराजवळच्या मैदानावर एका दमात पळायला गेला आणि दीड चकरेत नांगराच्या म्हाताऱ्या बैलागत फेस गाळत बसला. वय अठ्ठेचाळीस. शेजारच्या दीनानाथांची निरुपमा शाळेत खेळ शिकवायची, ती तिथंच होती. ती पाण्याची बाटली घेऊन आली.

"काका, असं एका दमात नाही. मिनिटभर जोरात पळा, दोन मिनिटं चाला. असं आठ वेळा. ह्याला इंटरव्हल म्हणतात."

"मध्येच चालायचं? लोक हसतील ने!"

"हसू देत. पण आठवड्यात दोनच दिवस हं. मधल्या दिवसांत आराम, फार तर साधं चालणं. छाती लवकर तयार होते, काका. टाचेची शीर नाही होत. तिला वेळ लागतो."

खोटं कशाला बोलावं, औषध लागू पडलं. महिन्याभरात जगदेवराव गॅसची टाकी खांद्यावर घेऊन दोन जिने चढले आणि वर पोचून बायकोशी, कुसुमावतीशी, धाप न लागता भांडले. पट्टा दोन भोकं आत गेला. कारखान्याच्या चार चकरांना आधी बारा मिनिटं लागायची ती साडेनवावर आली. आरशासमोर गडी मिशीला पीळ देऊ लागला.

आणि एका बुधवारी खाटेवरून आवाज आला.

"आज पळायला गेला नाहीस?"

"आज आराम आहे, काका."

"आराम? पळायचं नि थांबायचं, पळायचं नि थांबायचं, वर दिवसाआड निजायचं? उकिरड्यावरचं कुत्रं पळतं असलं. आजा वरून बघत असेल तुझा!"

जगदेवराव उठले, बूट चढवले नि गेले. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्याही. निरुपमा मैदानावर नसेल ती वेळ गाठून जायचे. मनात हिशेब सरळ होता, दोन दिवसांत एवढा गुण तर सात दिवसांत केवढा! गूळ गोड लागला म्हणून माणूस ढेप खातो, तसलं हे.

पंधरवड्यानं सकाळी पलंगाखाली पाय टेकला की टाचेमागं कळ उठायची. कुसुमावती तेल गरम करून चोळायची.

"एक दिवस थांबलात तर आभाळ कोसळेल का?"

"थांबलं की गंज चढतो."

"चढू दे. तलवारीला चढलाच आहे की."

चाचणीच्या आदल्या दिवशीही त्यांनी आठ दौडी मारल्या.

चाचणीला पहिल्या दोन चकरा लई झकास गेल्या. श्वास तालात, मागं पस्तिशीतली पोरं धापा टाकताहेत. तिसऱ्या चकरेला वळणावर मागून कुणीतरी टाचेवर लाठी घातली. जगदेवरावांनी वळून शिवी घातली, तर मागं चिटपाखरू नव्हतं. मग पाय खाली टेकेचना. शीर तुटली होती.

ठेकेदाराच्या माणसानं घड्याळ बंद केलं. "टाइम तो सारो हतो, काका, वेळ चांगली होती," तो म्हणाला, आणि त्यानं कागदावरच्या नावावर रेघ मारली.

शीर शिवली. पाय कायमचा ओढत राहिला. निरुपमा भेटायला आली, तेव्हा जगदेवरावांनी भिंतीकडं तोंड केलं. छाती मात्र अजून खणखणीत होती, तिचा आता उपयोग काय? कुसुमावतीनं एकदाच सुनावलं: "ज्याला मोरीत धरून न्यावं लागतं, त्याचं ऐकलंत. रोज नेत होतात, तरी दिसलं नाही?"

आता जगदेवराव बडोद्याच्या गोत्री भागातल्या एका सोसायटीच्या फाटकावर स्टुलावर बसतात. तिथले सेक्रेटरी मनगटावर घड्याळ लावून पळतात. जरा जोरात, जरा चालत. एका सकाळी ते चपला घालून दुधाला निघाले.

"आज दौड नाही, साहेब?"

"आज रेस्ट डे, काका."

जगदेवरावांनी सलाम ठोकला आणि फाटक उघडलं.

घरी आले तर म्हातारा मोरीसाठी खोळंबलेला. एक लंगडा नि एक पांगळा, दोघं भिंतीला घासत निघाले.

"पाय ओढू नकोस असा," बळवंतराव म्हणाला. "रोज थोडं पळत जा. खाडा नको."

जगदेवरावांनी बगलेतला हात सोडला. म्हातारा भिंत धरून लटपटत उभा राहिला. मग जगदेवरावांनी पुन्हा हात घातला, कारण मोरी अजून चार पावलं लांब होती.