धम्मशीलाताईंची मुंगी

पंखा मीच लावला. हेतू शुद्ध होता. धम्मशीलाताईंच्या मानेवरून घामाची धार चालली होती. पण जानेफळात दिवसभर गायब असलेली वीज नेमकी तेव्हाच हजर होती. पुढच्या क्षणी कागदाची मुंगी, सहा झाडं आणि एक सूर्य अंगणवाडीच्या कोपऱ्यात जाऊन पडले.

"गुरुजी," ताई जमिनीवरूनच म्हणाल्या, "काऊन लावला हो?"

रागावायलाही त्राण लागतं. ते त्यांनी सकाळीच पोरांची वजनं घेण्यात संपवलं होतं.

ताई बावीस वर्षं अंगणवाडी सेविका. वजनं, लशींच्या याद्या, खिचडीचे फोटो. गावात कुणाची गाय व्याली तरी नोंद यांनीच करावी, अशी सरकारची इच्छा दिसते. यातून उरलेल्या संध्याकाळी त्या बडबडगीतांचे सिनेमे करतात. साधन काय, तर मध्ये भोक असलेलं प्लास्टिकचं स्टूल. भोकावर मोबाइल, खाली जुनी निळी साडी, साडीवर मुंगी. मुंगी ज्वारीच्या दाण्याएवढी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. अशा आठ फोटोंचा एक सेकंद होतो.

पहिल्या सिनेमात चिमणीपेक्षा ताईंची बोटंच जास्त दिसली. पोरांनी "ताईचा हात! ताईचा हात!" म्हणून टाळ्या पिटल्या. दुसऱ्यात सूर्य उलटा चालला. हा तिसरा.

'मुंगीबाई, मुंगीबाई, दाणा घेऊन कुठं जाई?' हे गाणंही त्यांचंच. सोमवारी अर्धा सिनेमा दाखवला, तेव्हापासून चार वर्षांची प्रेरणा रोज दारातच अडवते, "पोचली काय वो ताई, मुंगी घरी?" आज थकून ताईंनी शब्द दिला होता, "उद्या पोचते, माय."

मी धावून मुंगी शोधली. सापडली, पण एक पाय माझ्या टाचेखाली राहिला. ताईंनी मोबाइलवर शेवटचा फोटो उघडला आणि त्यात बघत एकेक झाड जागच्या जागी ठेवायला घेतलं. वाकताना गुडघा कटकन वाजला. मुंगीचा अजून ऐंशी फोटोंचा, म्हणजे दहा सेकंदांचा रस्ता बाकी होता.

मला राहवेना. म्हटलं, "ताई, राहू द्या आज. पाच पायांची मुंगी एक दिवस उशिरा पोचली तं काय बिघडते?"

तुटक्या पायाला डिंक लावत, वर न बघताच त्या म्हणाल्या, "उद्या पोरं मले इचारतीन, तुमाले नाही."