बिनमार्कांची परीक्षा

भारंबे सरांची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या स्टाफरूममध्ये झाली आणि त्या भेटीत मी नापास झालो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग, वर बी.एड., अंगात नवा कोरा शर्ट आणि हातात नेमणुकीचा कागद, अशा थाटात मी उभा होतो. सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. हातातला खडू छताकडे उडवला, झेलला आणि विचारलं, "हातातून सुटला, वर चालला. आता याच्यावर बल कोणकोणतं? हवेचं सोडून दे. बाण काढ बरं."

मी रुबाबात दोन बाण काढले. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, त्याहून लांब. सरांनी वरच्या बाणावर बोट ठेवलं.

"हे कोन लावून राह्यलं?"

"हातानं फेकलाय ना सर."

"हात तं अथी हाये, माह्या खांद्याले. खडूसोबत गेला काय तो?"

माझे कान गरम झाले. सुटलेल्या खडूला वर ढकलणारं कुणीच नसतं. मिळालेल्या वेगानं तो जात राहतो आणि पृथ्वी त्याला सारखी खाली ओढत असते. बाण एकच, तोही खालचा. हे मला येत होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, आणि तरी हात आपोआप वर गेला होता. सर हसले नाहीत. "बस भो धुळेकर, चहा घे. सगळ्यायचंच असं होते," म्हणाले. मी धुळ्याचा, म्हणून त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी धुळेकर झालो. माझं खरं नाव त्यांनी नंतर कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

सर सावद्याचे. घरची केळीची बाग भाऊबंद बघत, पण सुट्टीच्या दिवशी सर बागेत असायचेच. त्यामुळे त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या बाह्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असत. हा डाग जन्मात जात नाही. तोच शर्ट घालून ते यावल तालुक्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायला यायचे. उंच, जरासे वाकलेले, आवाज बारीक. वर्गात मात्र शेवटच्या बाकावरच्या पोरालाही तो ऐकू जायचा, कारण सर शिकवताना पोरं गप्प बसत. इतकं चांगलं शिकवणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि पुढचं सगळं वाचताना हे कृपया लक्षात ठेवा.

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की सर अकरावीची एक परीक्षा घ्यायचे. तिला मार्क नसत, तिच्यावर नाव लिहायचं नसे. प्रश्न साधे. सावद्याहून केळीचा ट्रक निघालाय, सरळ सपाट रस्ता, वेग जराही कमी-जास्त होत नाही. तर ट्रकवर एकूण बल किती? ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, मग ट्रॉली ट्रॅक्टरला ओढते का? आणि तो खडू होताच. मग सर महिनोन् महिने जीव तोडून बल आणि गती शिकवत आणि दिवाळीनंतर तीच परीक्षा पुन्हा घेत. पोरं काय वस्ताद! ना नाव, ना मार्क, तरी शेजारच्याचं बघून लिहायची. सर म्हणायचे, "सवय हाये भो, त्यायचा काय दोष."

मग स्टाफरूमच्या टेबलावर सर दोन गठ्ठे करत बसायचे, बरोबरचा आणि चुकीचा. शिकवण्याआधी जेवढा चुकीचा गठ्ठा, जवळजवळ तेवढाच शिकवल्यानंतर. ट्रक चाललाय म्हणजे पुढे बल हवंच, खडू वर जातोय म्हणजे वर बल हवंच. खरं म्हणजे वेग बदलत नसेल तर पुढचं आणि मागचं बल एकमेकांना खोडून काढतं आणि एकूण शून्य राहतं. सरांनी हे गाडे ढकलून, दोऱ्या ओढून, गोट्या घरंगळवून दाखवलेलं असायचं. पोरं माना डोलवायची. गणिताच्या महाजन मॅडम चिडवायच्या, "काय सर, औंदा तरी न्यूटन पास झाला का?" सर गठ्ठ्यावरून नजर न उचलता म्हणायचे, "त्याले पुन्हा बसवा लागते."

एकदा मी म्हणालो, "सर, बोर्डात आपली पोरं नव्वदच्या पुढे मार्क घेतात. संस्था तुम्हाला शाल-नारळ देते. मग हे उकरून कशाला काढायचं?"

"मार्क हायेत रे. समज नही," सर म्हणाले. "त्या दिवशी शेवटच्या बाकावरच्या पोरीले खडूचं विचारलं, तं म्हणते, सर, इंग्रजीत विचारा, मराठीत नाही येत."

आम्ही दोघंही हसलो. हसून झाल्यावर सरांनी चुकीचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला.

या परीक्षेची सुरुवात कशी झाली याबद्दल कॉलेजात एक गोष्ट सांगत. सरांचा एक हुशार विद्यार्थी, चाचणीत पैकीच्या पैकी मार्क, ट्रॉलीच्या मागे लटकून घरी चालला होता. आपली गल्ली आली तशी चालत्या ट्रॉलीवरून त्यानं उडी मारली आणि जागच्या जागी उभं राहायला गेला. पाय जमिनीवर थांबले, बाकीचं अंग ट्रॉलीच्याच वेगात पुढे गेलं. तोंडावर आपटला, हात मोडला. सर त्याला बघायला दवाखान्यात गेले होते. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जडत्वाची व्याख्या येत होती त्याले. उतरता नही आलं."

मला वाटतं, एखादा माणूस आयुष्यात एकच गोष्ट मागतो. सरांना एक वर्ग हवा होता, फक्त एक, ज्याला हे खरोखर कळलंय. निवृत्तीचं वर्ष लागलं तसे ते उघडच बोलायला लागले. "ही शेवटची बॅच, धुळेकर. ही जर गेली तं मी एवढी वर्षं काय केलं, फळा पुसला?" त्या वर्षी त्यांनी सुट्टीच्या दिवशीही वर्ग घेतले. घसा बसायचा, तरी थांबायचे नाहीत.

आणि दिवाळीनंतरच्या परीक्षेत चमत्कार झाला. चुकीच्या गठ्ठ्यात कागदच पडेनात. खडूला एकच बाण, खालचा. ट्रकवर एकूण बल शून्य. ट्रॉलीही ट्रॅक्टरला तेवढ्याच बलानं ओढते. सरांनी सगळे कागद पुन्हा पाहिले, मग मला पाहायला दिले. महाजन मॅडमनी पेढे मागितले, तेव्हा सर चष्मा काढून रुमालानं डोळे पुसत होते. मीही थोडा रडलो, खोटं कशाला सांगू.

पेढ्यांऐवजी सरांनी भरीत पार्टी दिली. आमच्याकडे हिवाळ्यात आनंद झाला की माणूस शेतावर भरीत करतो. सरांच्या बागेच्या कडेला कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, त्यात हिरवी वांगी भाजली, ती लाकडाच्या बडगीत ठेचली, कांद्याची पात आणि भरपूर तेल, सोबत पुऱ्या. अख्खी अकरावी आली होती. सरांनी योगेशलाही बोलावलं होतं. योगेश सरांचा सर्वात लाडका जुना विद्यार्थी. जळगावात त्याचे मोठे क्लासेस, सावद्यात शाखा. आमची निम्मी पोरं तिथे जायची आणि शिकलेलं उरलेल्या निम्म्यांना सांगायची. गुरुपौर्णिमेला तो न चुकता सरांच्या पाया पडायला यायचा.

जेवणाआधी सर ऐन रंगात आले. शेजारच्या बांधावर केळीचे घड भरलेला एक ट्रॅक्टर उभा होता. चालकानं तो सुरू केला, जोर देत देत चिखलातून बाहेर काढला आणि रस्त्याला लागून तो वेग घेऊ लागला. सर ओरडून म्हणाले, "पोरांनो, बघा! उभा होता, आता वेग वाढून राह्यला. सांगा, एकूण बल किती?"

"शून्य!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

सरांना वाटलं, ऐकू आलं नसेल. "वेग वाढून राह्यला म्हणतो मी. वाढून!"

"शून्य, सर!"

मग पुढे बसलेली एक मुलगी उठली. चांगली चुणचुणीत, सरांवर जीव असलेली. तिला वाटलं, सर शाबासकी द्यायलाच थांबलेत. ती म्हणाली, "सर, योगेश सरांनी क्लासमध्ये पाठच करून घेतलंय. भारंबे सरांच्या प्रश्नात गाडी दिसली की शून्य. खडू दिसला की बाण खाली. ट्रॉली दिसली की सारखंच."

ट्रॅक्टर लांब गेला होता तरी त्याचा आवाज येत होता. मी सरांकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात योगेश पुढे झाला, वाकून सरांच्या पायाला हात लावला. "सर, तुम्हाला सरप्राईज द्यायचं होतं. तुमचं शेवटचं वर्ष. तुमचे प्रश्न आपल्या सगळ्या शाखांमध्ये शिकवतो आता. माझी गुरुदक्षिणा समजा." त्याचे डोळे खरंच भरून आले होते. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण ज्या माणसानं प्रेमापोटी घर जाळलं, त्याला काय बोलणार?

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाढ रे यायले. भरीत गार होते." त्यांनी स्वतः पंगतीत फिरून पुऱ्या वाढल्या, प्रत्येकाला आग्रह केला. स्वतः जेवले नाहीत. मीठ कमी पडलं का, असं मात्र दोनदा विचारलं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. पुस्तक उघडायचे, शिकवायचे, बंद करायचे. निकाल नेहमीसारखाच उत्तम लागला. निरोप समारंभात बोलायला उभे राहिले ते "सर्वांचे आभार" म्हणून बसले. गुडघे गेले होते, म्हणून काकूंना घेऊन धुळ्याला देवपुरात मुलीकडे राहायला गेले. मला म्हणाले, "आता मीच धुळेकर झालो भो. तुमच्या अहिराणीत 'हाये'ले 'शे' म्हणतात, बठ्ठं शे-शे, शिकाव लागीन." विनोद केला खरा, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

पुढच्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा त्यांना भेटलो. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. बरेच वाळले होते. चहा आला तसे एकदम म्हणाले, "विचारून राह्यला का?"

"हो सर. प्रश्न बदलून विचारतो. दुसरी परीक्षा औंदा सुट्टीआधीच घेतली."

"काय आलं?"

"तेच, सर."

त्यांनी मान हलवली. "मग नको विचारू. न विचारता शिकवलं, तं घरी येऊन झोप तरी लागते. बाकीच्या मास्तरायले लागते ना?"

"मग तुम्ही का विचारत राहिलात सर, एवढी वर्षं?"

"मले वाटे, एखाद्या साली होईन." एवढं बोलून त्यांनी कप उचलला आणि न पिताच पुन्हा खाली ठेवला.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे घरात काहीच बोलत नाहीत. पोरांना काही येतच नव्हतं, मी उगाच उभा राहिलो तिथे, असं एकदाच म्हणाले. पुढच्या खेपेला आलात तर खोटं सांगा. म्हणा, पोरांना आलं. तुमचं काय जातंय?"

मी खरंच खोटं तयार केलं. हिवाळा सरता सरता सर अंथरुणाला खिळल्याचा फोन आला, तेव्हा बसमध्ये बसून मी ते घोकत गेलो. माझ्या वर्गातली एक शांत मुलगी निवडली. खडूचा प्रश्न विचारल्यावर ती काय म्हणाली असती, ते वाक्य जुळवलं. धुळ्यापर्यंत ते इतकं पाठ झालं की मलाच खरं वाटू लागलं.

सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकूंनी सांगितलं, धुळेकर आलेत. ते वळले. मी खाली वाकून म्हणालो, "सर, औंदा एका पोरीला आलं. म्हणाली, सर, खडू सुटल्यावर त्याला वर ढकलणारं कोणीच नाही, मग वरचा बाण कुणाचा काढू?"

सरांचे डोळे उघडले. असे डोळे मी फक्त एकदाच पाहिले होते, त्या चुकीच्या गठ्ठ्यात कागद पडेनात तेव्हा. त्यांनी माझा हात धरला. पकडीत जोर नव्हता, पण सोडत नव्हते. काकू पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. मला वाटलं, जमलं.

मग सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "प्रश्न बदलून पाह्यला का?"

मी 'हो' म्हणालो. पण म्हणायला किंचित उशीर झाला. सगळी हयात पोरांचे चेहरे बघून त्यांना कळलंय की नाही हे ओळखण्यात गेलेल्या माणसाला तेवढा उशीर पुरेसा होता. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं, हात सोडला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.