कॅमेलिया कोणी लावला

हेट्टी प्रियोलो रोज सकाळी फाटक उघडण्याआधी विटांच्या वाटेवर गळलेली कॅमेलियाची फुलं उचलायची. बिनडागाची जेवणघरातल्या काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडायची, बाकीची कुंपणामागे टाकायची. अमेरिकेतल्या चार्ल्स्टनमधलं ते जुनं घर आणि त्याची बाग तिनं एकवीस वर्षं लोकांना दाखवली. मी तिकीटखिडकीत बसायचे.

वसंतात जुनी घरं पाहुण्यांसाठी उघडली की घर दाखवणाऱ्यांना ती घरं सांभाळणाऱ्या संस्थेकडून छापील मजकूर मिळायचा. तो पाठ करायचा, पदरचं काही घालायचं नाही. हेट्टीच्या कागदावर लिहिलेलं असायचं की कॅमेलिया मालकांनी नव्या नवरीसाठी लावला आणि स्वयंपाकघराच्या माडीवर नोकर राहायचे. ते गुलाम होते हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलताना मात्र नोकर.

एका एप्रिलमध्ये तिची आई एझेल, चर्चला जातानाची निळी टोपी घालून, तिकीट काढून आली. हेट्टीनं तिला कधी बोलावलं नव्हतं. बागेत पंधरा पाहुणे होते, मागे संस्थेच्या मिसेस टार्लटन उभ्या होत्या. आईनं विचारलं, "हे झाड कोणी लावलं म्हणालात?"

ते आईच्या आजोबांनी, प्रायमसनी लावलं होतं. ते याच घरात गुलाम होते. हेट्टी हे लहानपणापासून ऐकत आली होती.

"मालकांनी, मॅडम," हेट्टी म्हणाली. "आणि कृपया वाटेवरूनच चाला."

"आभारी आहे हं, बाई," आई म्हणाली आणि वाटेवरूनच निघून गेली.

रविवारी हेट्टी माफी मागायला गेली. आईनं टोमॅटोतला लाल भात वाढला.

"आई, त्या दिवशी मी..."

"जेव. पाहुण्यांशी किती गोड बोलतेस गं! घरी कुठं जातो तो गोडवा?"

आई हसत होती. हेट्टी ताट संपवून उठली, माफी मागायची राहूनच गेली. ऑगस्टमध्ये आई गेली.

पुढच्या वसंतात हेट्टीनं झाडापाशी कागदाची घडी घातली आणि पाहुण्यांना म्हणाली, "हे प्रायमसनं लावलं. या घरानं त्याला विकत घेतलं होतं. माझ्या आईचे आजोबा ते."

"हेट्टी, हे कागदावर नाहीये," मिसेस टार्लटन म्हणाल्या.

"नाहीये ना. म्हणून तर तोंडानं सांगतेय."

तिला बागेतून काढून फाटकावर तिकिटं तपासायला उभं केलं. मी म्हटलं, "मन तरी हलकं झालं असेल तुझं."

"उगाच शाबासकी देऊ नकोस," ती म्हणाली. "जिनं विचारलं होतं, तिला मी मॅडम म्हणून घालवलं. आता पर्यटकांना सांगून काय मोठं केलं?"

फाटकावर तिनं सहा वर्षं काढली. एका शनिवारी झोपेतच ती गेली. आदल्या संध्याकाळी एक म्हातारी बाई एकटीच आली होती. पर्समध्ये तिला तिकीट सापडत नव्हतं. मागे रांग खोळंबली होती. हेट्टीनं फाटक पुरतं उघडलं.

"राहू द्या हो आजी, सापडेल सावकाश. या, आधी बसा."