झूराकानच्या दवाखान्यात आलेली मुलं

कराकोल शहरात, बाजारामागच्या गल्लीत झूराकानचा दातांचा दवाखाना आहे. आपल्याला दातांची डॉक्टर व्हायचंच नव्हतं, हे ती कुणालाही हसत सांगते. वडिलांनी राजधानीतल्या कॉलेजात अर्ज धाडला आणि ही निमूट गेली. दुसऱ्याचं उघडं तोंड जवळून पाहायची वेळ आली ती तिसऱ्या वर्षी, आणि त्या दिवशी वसतिगृहावर येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. तोवर मागे फिरायची सोय उरली नव्हती. कामाची गोडी लागायला पुढे दहाएक वर्षं गेली. लागली, हे तिचं नशीब.

म्हणूनच शाळेतल्या बाईंनी विचारलं, "नववीच्या मुलांना आठवडाभर खरं काम बघायला पाठवतोय, तुमच्याकडे एकाला घ्याल का?" तेव्हा तिनं क्षणभरही विचार केला नाही.

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. आलेल्या मुलीला तिनं कोपऱ्यात स्टूल दिलं आणि कामाच्या गडबडीत तिला विसरूनच गेली. शेवटच्या दिवशी विचारलं, "काय शिकलीस गं?"

"चहा करायला, एजे," पोरगी प्रामाणिकपणे म्हणाली.

एजे म्हणजे ताई. नर्स खो खो हसली, पण झूराकानला ते लागलं. पुढच्या वसंतात तिनं आधीच ठरवून टाकलं. एक दिवस पेशंटला बोलवायचं, बसवायचं. एक दिवस हत्यारं उकळून स्वच्छ करायची. पेशंटची हरकत नसेल तर खुर्चीशेजारी उभं राहायचं. मागच्या खोलीत इस्मार कवळ्या बनवतो, त्याच्याजवळही बसायचं. आणि संध्याकाळी दार लावल्यावर मुलानं हवं ते विचारायचं. एकानं तर विचारलं होतं, "एजे, तुम्हाला लोकांच्या तोंडाच्या वासाची किळस येत नाही?" तिनं त्याचंही खरं उत्तर दिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी बेगिमाय आली. तिची आई चोल्पोन म्हणजे झूराकानची लहानपणची मैत्रीण. बाजारात जर्दाळू आणि अक्रोड विकते. वजन करता करता ती गिऱ्हाइकाला सांगायची, "माझी पोर दातांची डॉक्टर होणार बरं का!" पोर हुशार होतीच.

पहिला दिवस झकास गेला. एक म्हातारेबुवा दारातूनच परत निघाले होते, त्यांना बेगिमायनं त्यांच्या घोड्याच्या गप्पांत गुंतवून थेट खुर्चीत आणून बसवलं. दुसऱ्या दिवशी दात कोरायचं यंत्र सुरू झालं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर गेली, तोंडावर पाणी मारून परत आली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी झूराकानला ती हात धुवायच्या बेसिनला घट्ट धरून उभी दिसली.

"त्रास होतोय ना?"

"नाही एजे. होईल सवय."

"कशाला करायची सवय?"

पोरीनं बेसिन सोडलं. मग हळूच म्हणाली, "आई सगळ्या बाजाराला सांगून बसलीय."

झूराकाननं तिला इस्मारकडे पाठवलं. मेणाचे दात कोरण्यात तिची दुपार बरी गेली. पण संध्याकाळी म्हणाली, "छान आहे, पण दिवसभर एका जागी मान खाली घालून बसणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अरे वा! हिला लग्नाच्या पंगतीसारखं सगळं चाखून बघायचंय," इस्मार म्हणाला.

"बघू दे की," झूराकान म्हणाली आणि पोरीकडे वळली. "मग आवडलं काय तुला?"

"पेशंट खुर्चीत बसेपर्यंतचं सगळं. पुढचं नाही."

आता हे चोल्पोनला सांगायचं कुणी? इतक्या वर्षांची मैत्री, आणि आपण त्या घरच्या स्वप्नावर पाणी फिरवायचं. पण आपल्या वेळी कुणी बोललं असतं तर, हेही मनातून जाईना. "तुम्ही सोबत चला," बेगिमाय म्हणाली, आणि शुक्रवारी दोघी घरी गेल्या. बेगिमायचे वडील एर्मेक नुकतेच मिनीबस लावून आले होते. झूराकाननं जेवणाला हात लावायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

चोल्पोनच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिनं तो पातेल्यात ठेवला.

"सुटले गं बाई! अगं, मेंढी कापायला घेतली की ही शेजारच्या गल्लीत पळते. ही कसली दात उपटणार? मी आतल्या आत घाबरत होते. पण यांची इच्छा ना!"

"माझी?" एर्मेकनं डोळे विस्फारले. "मी कधी म्हणालो? गावभर तूच सांगत फिरतेस!"

"तुम्हीच म्हणालात, पोर डॉक्टर झाली तर बरं होईल."

"अगं, तेव्हा ती तापानं फणफणली होती! पाच वर्षांची होती!"

बेगिमायला आधी हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. झूराकाननं दोन वाट्या शेवयांचं सूप संपवलं.

"मग आता काय होणार तू?" एर्मेकनं लेकीला विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"असू दे," तो म्हणाला. "जेव आधी."

उन्हाळ्यात झूराकाननं स्वतः गल्लोगल्ली फिरून, बेगिमायला आठवडाभर काम बघू द्या अशी लोकांना गळ घातली: गुरांचा डॉक्टर, पाहुणघराची मालकीण, बालवाडी. बालवाडीत अडखळत बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणारी एक बाई होती. तिच्याकडे बेगिमाय आठवड्यासाठी गेली आणि महिनाभर राहिली.

आज ती राजधानीत, बिश्केकला तेच शिकते आहे. ती निघाली त्या सकाळी बसथांब्यावर चोल्पोन रडत होती, एर्मेक सामान चढवत होता. झूराकानही पोहोचवायला आली होती. पोरगी कुठं निघाली आहे हे तिचं तिला ठाऊक होतं. त्यामुळे झूराकानला कसलीच धाकधूक वाटली नाही. बस वळणाआड गेली, तशी ती चोल्पोनच्या दंडाला धरून म्हणाली, "चल, दुकान उघड. मला जर्दाळू हवेत."