शिट्टी वाजेपर्यंत

भिवंडीत आमची खोली एका पॉवरलूम कारखान्याला लागून आहे. मधली भिंत एकच, त्यामुळे लूम सुरू असले की मांडणीवरच्या वाट्या थरथरतात. पाहुण्यांना तो आवाज सोसत नाही. आमचं उलटं आहे. आवाज अचानक थांबला की आम्ही दचकतो. लाइट गेली असेल, काही मोडलं असेल, कोणाला तरी लागलं असेल.

आई त्याच कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे आडव्या धाग्यासाठी लहान नळ्यांवर सूत गुंडाळते. वडील वारल्यावरही कारखान्याच्या शेठनी आम्हाला खोलीत राहू दिलं. खोलीचा कसलाही कागद आमच्याकडे नाही. शेठचा शब्द, एवढंच. याच खोलीत अभ्यास करून मी बी.ए. झाले, घरातली पहिली. तेव्हा शेठनी पेढे पाठवले होते. ते मी विसरले नाही, म्हणून पुढचं लिहिताना जड जातं.

महापालिकेच्या निवडणुकीत शेठचा भाऊ उभा राहिला. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाने चार मतं द्यायची होती. भावाच्या पॅनलमध्ये चौघं होते. पण बायकांच्या जागेवर आमच्या बालवाडीच्या बाईही अपक्ष उभ्या राहिल्या. मला अक्षरं त्यांनी शिकवली. शाळेत माझं नाव घालायला आईबरोबर त्याच आल्या होत्या. आईने ठरवलं होतं, तीन मतं शेठच्या माणसांना आणि एक बाईंना.

आदल्या दिवशी मेहताजी आले. ते कारखान्याचे हिशेब लिहितात. दारातूनच म्हणाले, "भाभी, चारही आपलीच हां. मशीन हुशार आहे. चारही एकाच पॅनलला दिली तर शिट्टी वाजते. फोडली तर नाही वाजत. मी आतच बसणार आहे, एजंट म्हणून."

"न्हाय वाजली तर?" आईने विचारलं.

मेहताजींनी मान वर करून छपराकडे पाहिलं. "पत्रा गंजलाय. शेठना सांगून बदलून घेऊ. आधी इथे राहणार कोण, ते ठरू दे."

ते गेल्यावर मी आईला समजावलं. चौथं बटण दाबलं की शिट्टी वाजते. मत कोणाला दिलं, याच्याशी तिचा काही संबंध नाही. पेपरात तसं छापून आलं होतं.

"तू ती मशीन पायलीस?"

"नाही."

"मंग? मेहताजी दर टायमाला आत बसतात."

खरं सांगायचं तर माझाही पेपरावरचा विश्वास थोडा हलला.

मतदान माझ्या जुन्या शाळेत होतं, सातवीच्या वर्गात. बाक भिंतीला सरकवलेले होते. खिडकीखाली एजंटांच्या रांगेत मेहताजी बसलेले. अधिकाऱ्याने आईचं नाव मोठ्याने वाचलं तसं त्यांनी मान डोलावली. बोटाला शाई लागली. आई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. तिच्या मागे रांगेत मी होते.

टक. बटणाचा एक आवाज ऐकू आला. मग काहीच नाही.

पुढच्या आवाजाची मी वाट बघत राहिले. वर्गात सगळे गप्प झाले होते. लूम बंद पडल्यावर आमच्या खोलीत होते तशी ती शांतता होती. मेहताजींनी पेन खाली ठेवलं आणि आडोशाकडे पाहिलं. तेवढ्यात आई बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. ती सरळ दाराकडे निघाली.

काय झालं ते मला कळलं. तिने आधी बाईंचं बटण दाबलं होतं. शिट्टी वाजली नाही, तेव्हा तिला वाटलं, आपण पकडले गेलो.

"मावशी, थांबा!" अधिकारी म्हणाले. "शिट्टी झाली नाही."

आईचा पाय उंबऱ्यावरच अडला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"भाभी, सांगितलं होतं ना—" मेहताजी बोलायला लागले.

"ओ एजंट, तुम्ही बोलायचं नाही हां. बाहेर काढीन." मग अधिकारी आईला म्हणाले, "मावशी, चार जागांचे चार रंगांचे कागद आहेत, प्रत्येकावर एक बटण दाबायचं. कोणालाही द्या. उरलेली दाबा, मग वाजेल."

आई परत आत गेली. टक. बऱ्याच वेळाने टक. पुन्हा टक, आणि मग लांबलचक शिट्टी. मेहताजींनी पेन उचललं, पण लिहिलं काहीच नाही.

माझी पाळी आली तेव्हा सगळं माहीत असूनही मी आधी मेहताजींच्या पेनाकडे पाहिलं. बायकांच्या जागेच्या गुलाबी कागदावर बाईंचं चिन्ह होतं, पाटी. बोट ठेवलं आणि वाटलं, आता आई आणि मी कुठे जाणार? तरी दाबलं. मग बाकीची तीन दाबली. शिट्टी आईच्या वेळी वाजली तशीच वाजली.

शेठचं पॅनल निवडून आलं, चारही जण. आम्हाला वाटलं, सुटलो. पण दोन दिवसांनी मेहताजी पेढे घेऊन आले आणि या वेळी आत येऊन बसले.

"बूथवार आकडे आलेत," चहाचा कप हातात घेत ते म्हणाले. "आपल्या वर्गातल्या मशीनवर बाईंना बोटांवर मोजण्याइतकी मतं पडलीत. कोण असेल, भाभी?"

भिंतीपलीकडे लूम चालू होते. मी वाट्यांकडे बघत बसले. आई स्टोव्हजवळ पाठमोरी होती.

"असंल कोनी," ती म्हणाली. "बालवाडीत तर समद्या गल्लीची पोरं शिकली. तुमचीबी दोन्ही बाईंकडंच व्हती ना, मेहताजी? वहिनींचं मतदान त्याच वर्गात व्हतं, न्हाय?"

बायकोचा विषय निघताच मेहताजींचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी मागे वळून उघड्या दाराबाहेर पाहिलं, कोणी ऐकलं का ते. मग म्हणाले, "चला, शेठ वाट बघत असतील." चहा अर्धा तसाच राहिला.

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. खोली आजही आमच्याकडे आहे. पत्रा मात्र तोच आहे, कोणी बदलला नाही. लाइट जाऊन लूम थांबले की गल्लीतली पावलं स्पष्ट ऐकू येतात, आणि ती पुढे निघून जाईपर्यंत आई हातातलं काम थांबवते.